बोलण्याने गुण येतो, पण कशाच्या तुलनेत?

सोलापुरात कुणाला ‘समुपदेशकाकडे जाऊन ये’ असं सुचवलं, की पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: “नुसतं बोलून काय होणार? गोळी असेल तर सांगा.” हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ मानसशास्त्राचे संशोधक याच प्रश्नाशी झुंजत आहेत. बोलून करायच्या उपचारांनी, म्हणजे सायकोथेरपीने, बऱ्याच लोकांना बरं वाटतं हे दिसतं. अवघड भाग त्याच्या पुढे सुरू होतो. बरं वाटलं ते उपचारातल्या नेमक्या तंत्रामुळे, की कुणीतरी तासभर आपलं ऐकून घेतलं म्हणून, की नुसते दिवस गेले म्हणून? हे वेगळं करायला तुलना लागते. आणि तुलना कशाशी केली यावर उत्तर इतकं बदलतं, की ते एकदा लक्षात आलं म्हणजे ‘अमुक थेरपी परिणामकारक ठरली’ ही बातमी पूर्वीसारखी वाचताच येत नाही.

आधी हे बघू, की ‘मला गुण आला’ एवढ्यावर का भागत नाही. माणूस मदत मागायला जातो कधी? त्रास अगदी कळसाला पोचल्यावर. महिनाभर झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधड, घरातल्यांवर चिडचिड, मग कुणीतरी हाताला धरून नेतं. मनाचे त्रास पुष्कळदा चढउताराचे असतात. कळसाला असताना मोजलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर काहीही न करता आकडा खाली आलेला दिसण्याची शक्यता दांडगी. मधल्या काळात मुलीचं लग्न पार पडलेलं असतं, बंद पडलेला माग पुन्हा सुरू झालेला असतो, मे महिन्याची काहिली संपून रात्री झोप लागू लागलेली असते. शिवाय ज्याने आपलं इतकं ऐकून घेतलं त्याला वाईट वाटू नये म्हणून “आता बरं आहे की” असं सांगणारी माणसंही असतात. हे सगळं एकाच खात्यात जमा होतं आणि श्रेय थेरपीला मिळतं.

१९५२ साली हान्स आयसेंक या लंडनच्या मानसशास्त्रज्ञाने एका छोट्या निबंधाने खळबळ उडवून दिली ती याच जागी बोट ठेवून. चिंता, भीती, उदासी अशा तक्रारी असलेल्या रुग्णांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक दोन वर्षांत सुधारतात, मग सायकोथेरपी मिळो वा न मिळो, असं त्याचं म्हणणं होतं. थेरपिस्ट मंडळी अर्थातच खवळली. पण त्याच्या आकडेमोडीत ‘उपचार न मिळालेले’ म्हणून जे धरले होते ते कोण होते? त्यातला एक गट होता मानसिक त्रासामुळे काम बंद पडून विम्याचे पैसे घेणाऱ्या ५०० जणांचा. त्यांना सायकोथेरपी मिळाली नव्हती हे खरं. पण त्यांचे नेहमीचे डॉक्टर त्यांना तपासत होते, टॉनिक आणि झोपेची औषधं देत होते, धीर देत होते. पेठेतल्या जुन्या डॉक्टरांच्या हातगुणावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनीच सांगावं, की याला ‘काहीच न देणं’ म्हणायचं का. म्हणजे या वादाच्या पहिल्याच पानावर तुलनेचा गट काय होता हे नीट पाहिलं गेलं नाही, आणि मला वाटतं ती खोड अजून पुरती गेलेली नाही.

गोळीच्या बाबतीत हा पेच बराच सोपा आहे. खऱ्या औषधासारखीच दिसणारी, त्याच रंगाची, त्याच आकाराची, पण आत औषध नसलेली गोळी बनवता येते. तिला प्लासिबो म्हणतात. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी करायची, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला प्लासिबो. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मग आशा, विश्वास, डॉक्टरांचं बोलणं, दिवस उलटणं, या सगळ्या गोष्टी दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात. शेवटी जो फरक उरेल तो औषधाचा.

आता हेच बोलण्याच्या उपचाराला लावून बघा. १९५६ मध्ये डेव्हिड रोझेंथल आणि जेरोम फ्रँक या दोघांनी मागणी केली, की थेरपीचं खास श्रेय सांगायचं असेल तर तिची तुलना अशा दुसऱ्या उपचाराशी करा, ज्यावर रुग्णांचा तितकाच विश्वास असेल. मागणी रास्त होती. पण असा उपचार बनवायचा कसा?

त्यासाठी एक प्रयोग मनात मांडून बघू. तो कुठे झालेला नाही, फक्त समजण्यासाठी. सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत हजारो विडी कामगार बायका राहतात. दिवसभर मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, मान खाली. समजा, त्यांच्यापैकी उदासीचा त्रास असलेल्या काही जणींना आठवड्याला एक, अशा आठ बैठका द्यायच्या ठरवलं. एक प्रशिक्षित समुपदेशक त्यांना विचारांची गुंतवळ सोडवायला शिकवील, दिवसाची आखणी करून देईल. हा झाला उपचार गट. तुलनेच्या गटाला काय द्यायचं?

‘औषध काढून टाकलेलं बोलणं’ द्यायचं म्हणाल, तर त्यात ठेवायचं काय आणि काढायचं काय? तंत्र काढलं, तरी समोर बसलेली बाई आस्थेने ऐकणारच. आस्थाही काढली, तर रुग्ण बाई दुसऱ्या आठवड्यात येणार नाही. उखळात कुटलेल्या शेंगाचटणीतून नंतर लसूण वेगळा काढता येत नाही, तसं हे आहे. तंत्र, नातं, आशा, समजावणं हे सगळं एकमेकांत कुटलेलं असतं. शिवाय दुसरी अडचण अशी, की समुपदेशकाला आपण काय देतो आहोत हे ठाऊक असतंच. स्वतःच्या बोलण्यावरच विश्वास नसलेला माणूस तितक्याच पोटतिडकीने कसा बोलेल? गोळीच्या प्रयोगात दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी असते. इथे निदान एकाची तरी उघडीच राहते.

मग संशोधकांनी वेगवेगळ्या पळवाटा शोधल्या. पळवाटा म्हणतोय, पण त्यांपैकी काही खरोखर हुशारीच्या आहेत.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे प्रतीक्षायादी. अर्ध्या बायकांना आत्ता उपचार, उरलेल्यांना सांगायचं, तुमचा नंबर तीन महिन्यांनी. यात कुणाची फसवणूक नाही, सगळ्यांना शेवटी उपचार मिळतो, त्यामुळे ही पद्धत फार लोकप्रिय आहे. मला मात्र ती सगळ्यात कमकुवत वाटते. ‘तुमचा नंबर नंतर’ असं ऐकलेला माणूस स्वतःहून काही करायचं थांबतो. आता तीन महिन्यांनी बघू म्हणतो. जपानचे तोशी फुरुकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उदासीवरच्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराचे, अनेक प्रयोग एकत्र तपासले. प्रतीक्षायादीतल्या लोकांची स्थिती, ज्यांना काहीच उपचार दिला नव्हता त्यांच्याहूनही वाईट दिसली. थेरपी तीच, पण तिची तुलना कुणाशी केली यावर तिच्या परिणामाचा आकडा लहानमोठा होत होता. मागच्याला खाली ओढलं की पुढचा उंच दिसणारच.

दुसरी वाट गॉर्डन पॉल यांनी काढली, आणि तिच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आजही त्या प्रयोगाची आखणी वाचताना कौतुक वाटतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लोकांसमोर बोलायची जबर भीती असलेले विद्यार्थी त्यांनी निवडले. १९६६ मध्ये हे काम पुस्तकरूपाने आलं. एका गटाला भीतीचे प्रसंग पायरीपायरीने कल्पनेत आणून शरीर सैल सोडायला शिकवलं. दुसऱ्या गटाशी भीतीची मुळं शोधणारं बोलणं केलं. तिसऱ्या गटासाठी त्यांनी एक उपचारच रचला. विद्यार्थ्याला एक कॅप्सूल द्यायची आणि सांगायचं, की हे मन झटपट शांत करणारं औषध आहे. मग एक ध्वनिफीत लावायची आणि म्हणायचं, की हे ताण देणारं काम आहे, औषधाच्या साथीने हे करत गेलात की तुमचं मन ताणाला सरावेल. कॅप्सूलमध्ये होता खायचा सोडा. चौथ्या गटाला उपचार नव्हताच. महत्त्वाचं म्हणजे पहिले तिन्ही उपचार त्याच पाच अनुभवी थेरपिस्टांनी दिले आणि बैठकाही सारख्याच, प्रत्येकी पाच. मग विद्यार्थ्यांना खरोखर भाषण करायला लावून, हात थरथरतात का, आवाज कापतो का, हे निरीक्षकांनी टिपलं.

निकाल असा: शरीर सैल सोडायला शिकवलेला गट सगळ्यांत पुढे. काहीच न मिळालेला गट सगळ्यांत मागे. आणि मधे मुळं शोधणारं बोलणं आणि सोड्याची कॅप्सूल जवळजवळ बरोबरीने. हे थेरपिस्ट स्वतः मुळं शोधणाऱ्या पंथाचे होते, म्हणजे कल असलाच तर तो त्या बाजूचा असायला हवा होता. आता कल्पना करा, की या प्रयोगात तिसरा गट नसताच. तर बातमी आली असती, ‘मुळं शोधणाऱ्या थेरपीने भाषणाची भीती कमी होते’, आणि चौथ्या गटाशी तुलना करता ती खोटीही नसती.

पण पॉल यांच्या वाटेतही एक खाच आहे. रचलेला उपचार रुग्णाला खऱ्याइतका पटला पाहिजे. १९७२ मध्ये थॉमस बोर्कोव्हेक आणि सिडनी नाऊ यांनी हे तपासलं, तेव्हा संशोधनात वापरलेले प्लासिबो उपचार लोकांना खऱ्या उपचारांइतके विश्वासार्ह वाटत नाहीत असं आढळलं. म्हणजे तराजूची एक बाजू सुरुवातीलाच हलकी. २००३ मध्ये बास्किन, वॅम्पोल्ड आणि सहकाऱ्यांनी असे २१ अभ्यास पुन्हा चाळले. तुलनेच्या गटाला बैठका तितक्याच होत्या का, तितक्याच लांबीच्या होत्या का, देणारा माणूस तितकाच शिकलेला होता का, रुग्णाला आपल्या त्रासाबद्दल मोकळेपणाने बोलता येत होतं का, हे त्यांनी पाहिलं. जिथे या गोष्टी सारख्या नव्हत्या, तिथे थेरपी ठळकपणे सरस ठरली. जिथे सारख्या होत्या, तिथे फरक अगदी थोडा उरला.

हे वाचून काही जण लगेच म्हणतात, म्हणजे थेरपी फसवीच. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. गोळीचा प्लासिबो म्हणजे जवळपास शून्य वजनाची वस्तू. बोलण्याचा प्लासिबो शून्य नसतो. तो स्वतःच एक लहानसा उपचार असतो. त्याच्याशी बरोबरी झाली, तर कळतं ते एवढंच की खास तंत्राने फारशी भर घातली नाही. रुग्णाला उपयोग झाला नाही असं त्यातून निघत नाही.

ऐकून घेण्याचं वजन किती असतं, याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा मानसोपचारातला नाही, पोटाच्या विकारातला आहे. हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी आयबीएस या पोट वारंवार बिघडण्याच्या जुन्या विकाराच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. निकाल २००८ मध्ये आला. एक गट नुसता थांबलेला. दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर, सुया खऱ्या टोचतच नव्हत्या, आणि देणारा फारसं बोलायचा नाही. तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर, पण देणारा आपुलकीने विचारपूस करणारा, वेळ देणारा, भरवसा देणारा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे लोक अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. शेवटच्या दोन गटांतला फरक केवळ वागण्याबोलण्याचा.

मग चांगल्या मनाचं कुणीही चालेल का? १९७९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात हान्स स्ट्रप आणि सुझान हॅडली यांनी तसंच करून पाहिलं. उदास, चिंताग्रस्त विद्यार्थ्यांपैकी काहींना अनुभवी थेरपिस्टांकडे पाठवलं, काहींना इतर विषयांच्या, पण विद्यार्थ्यांत जिव्हाळ्यासाठी नाव असलेल्या प्राध्यापकांकडे. सरासरी पाहता दोन्ही गट सारखेच सुधारले. पण हे विद्यार्थी फार गंभीर आजारी नव्हते, हे विसरून चालणार नाही. ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार घोळताहेत त्याला ‘कुणा प्रेमळ सरांशी बोल’ म्हणून सोडून देणं हा त्या अभ्यासाचा अर्थ नाही, आणि तसा कुणी लावू नये.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा मोठा प्रयोगही तेच सांगतो. त्याचे निकाल १९८९ मध्ये आले. उदासीचे २५० रुग्ण, १६ आठवडे, चार गट: दोन प्रकारची थेरपी, इमिप्रामिन हे औषध, आणि प्लासिबो गोळी. गोळीवाल्या दोन्ही गटांना डॉक्टर दर आठवड्याला भेटायचे, विचारपूस करायचे, धीर द्यायचे. आजार सौम्य असलेल्यांत चौघांमध्ये फारसा फरक पडला नाही. आजार तीव्र असलेल्यांत मात्र औषध प्लासिबोच्या स्पष्टपणे पुढे गेलं. म्हणजे ‘काय चालतं’ याचं उत्तर कुणाला होतंय त्यावरही अवलंबून.

आणखी एक वाट आहे, आणि ती मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. प्लासिबोच्या मागे न लागता थेरपीचेच भाग सुटे करायचे. नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये सिॲटलला उदासीच्या १५० रुग्णांवर हे केलं. एका गटाला विचार बदलायला शिकवणारी पूर्ण थेरपी, तर एका गटाला तिचा फक्त पहिला भाग, म्हणजे दिवसाची आखणी आणि सुटलेली कामं, भेटीगाठी, आवडीच्या गोष्टी पुन्हा हळूहळू सुरू करणं. दोघांचाही निकाल सारखाच आला. इथे कुणालाही खोटं काही दिलेलं नव्हतं, तरी कुठला भाग ओझं वाहतो आहे हे कळलं.

याच ‘पुन्हा सुरू करण्या’च्या भागाचं पुढे आपल्या शेजारी, गोव्यात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दोन प्रयोग केले. पहिल्याचे निकाल २००३ मध्ये आले. सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत आलेले ४५० रुग्ण, तीन गट: फ्लुओक्सेटिन हे उदासीवरचं औषध, प्लासिबो गोळी आणि बोलण्याचा उपचार. दोन महिन्यांनी औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. बोलण्याचा उपचार प्लासिबो गोळीच्या पुढे गेला नाही. दुसरा प्रयोग २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र उदासीच्या ४९५ रुग्णांवर. थेरपी देणारे पदवीधर तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका, आणि गाभा तोच, थांबलेलं आयुष्य पुन्हा चालू करण्याचा. तीन महिन्यांनी थेरपीच्या गटातले ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले, तुलनेच्या गटातले ३९ टक्के.

एक प्रयोग ‘फेल’, दुसरा ‘पास’, असं वाचायचा मोह होतो. पण पहिल्यात तुलना प्लासिबो गोळीशी होती. दुसऱ्यात ती थोड्या सुधारलेल्या नेहमीच्या सरकारी उपचाराशी होती, म्हणजे डॉक्टरांना निदान कळवलेलं आणि मार्गदर्शक सूचना दिलेल्या. दोघांचे प्रश्नच वेगळे. दुसऱ्या प्रयोगातून कळतं की आरोग्य केंद्रात आज जे मिळतं त्यात या बैठकांची भर घातली तर लोकांचा फायदा होतो, आणि सरकारने पैसे घालावेत की नाही हे ठरवायला नेमकं तेच लागतं. त्या फायद्यात आस्थेने ऐकण्याचा वाटा किती आणि तंत्राचा किती, हे मात्र त्यातून कळत नाही.

म्हणून कुंभारीत असा प्रयोग कुणी खरोखर करायला निघालं, तर माझं मत असं, की आधी प्रश्न ठरवावा आणि मगच तुलना. ‘ही सेवा सुरू करावी का’ असं विचारायचं असेल, तर तुलना आज आरोग्य केंद्रात जे मिळतं त्याच्याशी. ‘हे तंत्रच हवं का’ असं विचारायचं असेल, तर दुसऱ्या गटालाही आठ बैठका, तितकाच वेळ, तितकीच शिकवून तयार केलेली बाई, जी फक्त मन लावून ऐकेल. घरी तेलुगू बोलणाऱ्या बाईला दोन्ही गटांत तेलुगूतच बोलणारी मिळाली पाहिजे, नाहीतर फरक भाषेचा पडेल आणि नाव तंत्राचं होईल. मोजणारी व्यक्ती तिसरीच हवी, कोण कुठल्या गटात हे ठाऊक नसलेली. ज्यांच्या जिवाला धोका दिसतो त्यांना चिठ्ठीत घालायचंच नाही, थेट उपचाराकडे न्यायचं. कुणाला कुठला गट मिळू शकतो हे आधी सांगून संमती घ्यायची. सोड्याची कॅप्सूल औषध म्हणून देण्याचे दिवस गेले. आणि तुलना कशाशी करणार हे पहिली बाई येण्याआधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत लिहून टाकायचं, म्हणजे नंतर सोयीची तुलना निवडता येत नाही.

एक बाब अशा प्रयोगांच्या अहवालांत सहज दडून जाते. बैठकीला दिलेला तास म्हणजे तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी. काही जणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येणं थांबवतील. त्यांना वगळून फक्त आठही बैठकांना आलेल्यांचा हिशेब केला, तर उरतील त्या मुळातच थोड्या बऱ्या परिस्थितीतल्या, आणि थेरपी आहे त्याहून मोठी दिसेल. जिला चिठ्ठीत जो गट मिळाला, त्याच गटात ती शेवटपर्यंत मोजायची, एकदा आली असली तरी आणि एकदाही आली नसली तरी. तिच्या घरी जाऊन, तिच्या वेळेला, सूप बाजूला ठेवायला न लावता तेच प्रश्न विचारून यायचे.